आबांना विचारलेला प्रश्न

मी मावळात, कान्हे गावाजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मध्यंतरी गावातल्या प्रत्येक मोबाइलवर एकच व्हॉइस मेसेज फिरत होता: मुलं पळवणारी टोळी मावळात उतरलीय, त्यात बायकाही आहेत, काहीबाही विकायच्या निमित्तानं येतात. माझा सातवीचा वर्ग अर्धा रिकामा झाला. जी मुलं यायची, ती फळ्याऐवजी खिडकीबाहेर बघत बसायची.

मी धडा बाजूला ठेवला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चुलत्यानं, बाई."

"आणि त्यांना?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हटलं, घरी विचारून या. सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलं का, तेही विचारा.

दुसऱ्या दिवशी गंमतच झाली. इथले म्हणत, प्रकार तिकडं इंदुरी गावात घडला. आणि इंदुरीतल्या पाहुण्यांनी ऐकलं होतं, तो इकडं कान्ह्यात घडला. बऱ्याच दिवसांनी वर्ग हसला.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर गलका उठला. चादरी विकणाऱ्या एका परक्या बाईला माणसांनी घेरलं होतं. कुणीतरी तिचं गाठोडं ओढून मातीत फेकलेलं. ती हिंदीत हात जोडून काही सांगत होती, पण ऐकतंय कोण? मी धावले. माझ्याआधी माझ्या वर्गातली एक मुलगी तिथं पोचली होती. वर्गात तिचा आवाज मी क्वचितच ऐकलेला. समोर तिचेच आजोबा, हातात काठी घेऊन.

"आबा, हिनं कुनाचं पोर नेलं?"

"तू आत जा. लय शानी झालीस!"

"जाते. पन आदी सांगा. तुमी सोता पायलं का?"

आबांनी काठी खाली टेकवली. मग मागं वळून त्यांनीच विचारलं, "कुनी पायलंय का रं?"

एकेक जण मागं सरकू लागला.

त्या बाईला मी व्हरांड्यात बसवलं. मुलीनं पेला धरून तिला पाणी पाजलं. थोड्या वेळानं आबा आले. मातीतल्या चादरी त्यांनी एकेक झटकून, घडी घालून आणल्या होत्या. त्या तिच्यापुढं ठेवून ते पायरीवरच बसले. "माज्या हातनं काय झालं असतं..." एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मुलगी घरी न जाता माझ्याजवळ घोटाळत राहिली.

"बाई, ती खरंच चोर असती तर?"

"तर पोलिसांना बोलावलं असतं. मारायचं तरीही नव्हतंच."

ती विचारात पडली. "पन तवा तुमाला तरी कुटं म्हायती व्हतं, ती चोर न्हाई म्हनून?"

"नव्हतं गं. मलाही भीती वाटत होती."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, आणि हळूच माझा हात धरला. शाळेला कुलूप लावून मी तिला घरापर्यंत सोडायला गेले.