शाळेपासून सात मिनिटं

अबुधाबीत मी अकरा वर्षं कोटेशनं मागवण्याची नोकरी केली. पंप असो, व्हॉल्व्ह असो की ऑफिसच्या खुर्च्या, तीन पुरवठादार बोलवायचे, एक तक्ता करायचा, प्रत्येक रकान्याला गुण द्यायचे आणि खाली बेरीज मारायची. ज्याची बेरीज जास्त, त्याला ऑर्डर. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे पंप बिघडला तरी कुणा माणसाला दोष देता येत नाही. तो तक्त्याने निवडलेला असतो.

२००८च्या मंदीनंतरच्या हिवाळ्यात मुलगी पाचवीत होती. तिची शाळा शहरातल्या एका जुन्या व्हिलात भरायची. भूगोल बेडरूममध्ये, गणित हॉलमध्ये, आणि मुख्याध्यापिकाबाईंचं ऑफिस स्वयंपाकघराला लागून, त्यामुळे मुलांना शिक्षा होत असताना चहाचा वास यायचा. ती तिथे मजेत होती. मग सरकारने व्हिलातल्या शाळा बंद करायचं ठरवलं आणि एप्रिलपासून सहावीसाठी दुसरी जागा शोधणं आलं.

त्याच महिन्यांत कंपनीचे प्रकल्प एकेक करून थांबत होते. रविवारी आठवडा सुरू व्हायचा आणि कुणाचं तरी टेबल रिकामं दिसायचं. आपलं टेबल किती रविवार टिकेल हे कुणी कुणाला विचारत नसे. ओळखीच्या तीन कुटुंबांनी बायकामुलं परत पाठवली होती. मला एवढंच हवं होतं की मुलगी आमच्याजवळ राहावी, आणि वर्षाच्या मध्यात नोकरी गेलीच तर तिची शाळा तुटू नये. या दोन्ही गोष्टी एकत्र बसत नव्हत्या. मी घाबरलो की तक्ता करतो. मी तक्ता केला.

"शाळांचंही टेंडर काढलंस का रे?" बायको म्हणाली. "हेडमास्तरांना सीलबंद पाकिटं आणायला सांग."

पहिली शाळा शहरातली, नावाजलेली. लॉबीत कारंजं होतं, आणि कारंज्याशेजारी त्याचं उद्घाटन कुणी केलं ते सांगणारी पाटी कारंज्याहून मोठी होती. प्राचार्य पालकांना म्हणाले, "आम्ही विद्यार्थी घडवत नाही, आम्ही उद्याचे जागतिक नेते घडवतो." बायको माझ्या कानाशी मराठीत पुटपुटली, "वर्गात चाळीस नेते. ऐकून कोण घेणार?" मुलीला कुठल्या इयत्तेपर्यंत अपूर्णांक शिकवतात ते विचारायचं होतं, पण प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही.

दुसरी शाळा शहराबाहेर, मोहम्मद बिन झायद सिटीत, मुसाफ्फाच्या औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे. इमारत म्हणजे सिमेंटचा खोका, मैदान म्हणजे कुंपण घातलेली वाळू. कुणी भाषण केलं नाही. हाताला खडू लागलेल्या एका बाईंनी मुलीला थेट लायब्ररीत नेलं आणि आम्हाला विसरून गेल्या. तिच्या व्हिलातल्या वर्गातली एक मैत्रीण तिथे आधीच आली होती. दोघी अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. या शाळेची प्रतीक्षायादी होती, आणि आमचा नंबर त्रेचाळिसावा.

आमच्या बाल्कनीसमोर एक सरकारी शाळाही होती. रुंद, पांढरी, झेंडा आणि खरं हिरवं मैदान असलेली. ती तक्त्यात घेण्यात अर्थ नव्हता. माध्यम अरबी, आणि मुलीचं अरबी यल्ला आणि खलासच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. तरी त्या शाळेच्या मधल्या सुट्टीचा आवाज आम्हाला रोज फुकट मिळायचा.

तिसरं कोटेशन पुण्याचं. माझ्या बहिणीच्या घराजवळची शाळा. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, तू काही विचार करू नकोस. माझ्या दोघींबरोबर तिसरी. डब्यात एक पोळी जास्त." मी रकाने भरत गेलो. नोकरी गेली तरी शाळा चालू राहील: दहापैकी दहा. प्रवेशाची खात्री: दहा. मराठी: दहा. हा रकाना माझा हट्ट होता. मुलगी घरी आमचं सगळं मराठी ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची, आणि मी रोज तिच्यामागे "मराठीत सांग" म्हणून लागायचो. शेवटचा रकाना, घरापासून अंतर. शहरातली शाळा वीस मिनिटं, मोहम्मद बिन झायद सिटी पाऊण तास, पुणे चालत सात मिनिटं. पुण्याला पुन्हा दहा.

पुणं मोठ्या फरकानं जिंकलं. बायको बेरजेकडे बघत राहिली, पण तिनेही त्या आठवड्यात शेजारणीला विमानतळावर पोचवलं होतं. मी बहिणीला होकार कळवला, व्हिलातून दाखला काढला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगी माझ्या टेबलाशी तो कागद वाचत बसली होती. बोट शेवटच्या रकान्यावर.

"बाबा, सेव्हन मिनिट्स फ्रॉम व्हेअर?"

"आत्याच्या घरापासून."

तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ओके," म्हणाली आणि बॅग भरायला गेली. दुसऱ्या कुणा पुरवठादाराने असं अंतर दाखवलं असतं तर मी त्याला पहिल्या फेरीतच बाद केलं असतं.

माझी नोकरी गेली नाही. दर रविवारी मी टेबलापर्यंत जायचो आणि ते तिथेच असायचं. पहिल्या वर्षी या गोष्टीचा आनंद कसा मानावा हे कळेना. संध्याकाळी जेवायला दोन ताटं घ्यायची सवय लागायला तर फार दिवस गेले. बायको तीन काढायची आणि एक परत ठेवायची, मी बघितलं नाही असं दाखवायचो.

जानेवारीत मी कुणाला न सांगता मोहम्मद बिन झायद सिटीला गेलो आणि सातवीच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव नव्याने घातलं. ऑफिसातल्या मल्याळी क्लार्कने फॉर्म घेतला. "साब, इस बार इन्शाल्ला." त्या वर्षी झालं नाही. पुढच्या जानेवारीत आठवीसाठी पुन्हा गेलो, तर खिडकीसमोर बायको उभी. हातात तोच फॉर्म, मुलीचे फोटो, पासपोर्टची कॉपी. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "तू मागच्या वर्षीही आलेलास ना?" ती म्हणाली. "दोन फॉर्म भरले तर दोन नंबर देतात का विचार."

त्या उन्हाळ्यात आम्ही घरही बदललं. लोक विचारत, रीम आयलंडवर नवे टॉवर झालेत, समुद्र दिसतो, तिकडे का नाही जात? आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाचा वरचा मजला घेतला. खिडकीतून शाळेच्या पिवळ्या बस दिसायच्या. जागा मोकळी आहे, हवा चांगली आहे, असं आम्ही सांगत असू. तिथे हवा नव्हती, वाळू होती.

आणि मग फोन आला. आठवीत एक जागा रिकामी झाली होती. तीन दिवसांत कळवा.

शुक्रवारी पुण्याला फोन लावला. बायकोने स्पीकर चालू केला. मी सांगितलं: तीच शाळा, तीच लायब्ररी, आणि आता आपलं घर अगदी मागेच आहे. मग मुलगी बोलली, आणि मला आवाज ओळखायला क्षणभर लागला, कारण ती सलग मराठीत बोलत होती, बहिणीच्या मुलींच्या हेलात.

"बाबा, राहू दे ना आता. मला तुमची आठवण येते, खूप येते. पण परत सगळं नव्याने नको. माझ्या मैत्रिणी इथे आहेत. आत्या आहे. मी सुट्टीत येते की."

एकही शब्द इंग्रजी नव्हता. दोन वर्षांपूर्वी मी त्यासाठी दहा गुण दिले होते.

"रागावलास का?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो. बायको खिडकीशी जाऊन उभी राहिली होती.

रविवारी मी ऑफिसातून परस्पर शाळेत गेलो. जागा नाकारायलाही फॉर्म होता, आणि त्यात कारणाचे चौकोन: देश सोडला, फी, दुसरी शाळा, अंतर. मी "अंतर" वर खूण केली. क्लार्कने फॉर्म उलटून पत्ता वाचला, पुन्हा खूण बघितली.

"साब, आप तो इधर पीछे ही रहते हैं ना?"

"हां," मी म्हणालो. "सात मिनट."

मग त्याने शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बाहेर शाळा सुटत होती. बस निघून जाईपर्यंत मी गाडीत बसून राहिलो, आणि मग चालतच घरी गेलो. गाडी न्यायला संध्याकाळी परत यावं लागलं.