तडा आणि दहा येनचं नाणं

शेजारी दुसरा फोटो ठेवल्याशिवाय जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल मत द्यायचं नाही, असं व्रत घेतलेला आणि ते श्रीखंडापर्यंत पाळलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे टोकियोतल्या निशी-कसाईत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका. पुण्याचे, पन्नाशीचे, अविवाहित. मेंदूतल्या गाठींचे एमआरआय, रेडिएशनच्या आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी लावायचे आणि गाठ आटली की नाही ते मोजायचं, ही त्यांची संशोधन संस्थेतली नोकरी. दोन्ही फोटो एकाच कोनातून हवेत, नाहीतर गाठ तीच आणि माप भलतंच, असं ते सांगायचे. नोकरी संध्याकाळी सुटायची, सवय सुटायची नाही. नवीन ओळख झाली तेव्हा माझ्या बायकोने हौसेने चक्का बांधून श्रीखंड केलं आणि कसं झालंय म्हणून विचारलं. काकांनी वाटी चाटूनपुसून ठेवली आणि मागच्या वेळचं थोडं शिल्लक आहे का, अशी चौकशी केली. त्यानंतर तिने त्यांना श्रीखंड नेहमी दिलं, मत मात्र विचारलं नाही. तरुणपणी त्यांच्या आईने लग्नासाठी मुलीचा फोटो दाखवला, तर यांनी त्याच मुलीचा वर्षापूर्वीचा, तेवढ्याच अंतरावरून काढलेला फोटो मागितला. मुलीकडचे आधीचाही परत घेऊन गेले. बाल्कनीतल्या तुळशीचा फोटो दर रविवारी सकाळी नऊ वाजता निघायचा आणि पाय कुठे ठेवायचे त्यासाठी जमिनीवर निळी चिकटपट्टी लावलेली असायची.

अकरा सालच्या भूकंपात आमच्या जिन्यातल्या भिंतीला तडा गेला. इंजिनियर येऊन धोका नाही म्हणून सांगून गेले, तरी लोकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. काकांनी तड्याशेजारी मापासाठी दहा येनचं नाणं चिकटवलं, खाली निळी पट्टी मारली आणि दर महिन्याला फोटो काढून नोटीस बोर्डवर लावायला सुरुवात केली. फोटोखाली जपानीत एवढंच लिहिलेलं असायचं, की वाढ नाही. बिल्डिंग सांभाळणारे जपानी आजोबा, ज्यांनी कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी आणली म्हणून मला चारदा परत पाठवलं होतं, ते काकांसमोर कमरेत वाकायचे.

माझ्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे, असा बायकोला लग्नापासून संशय होता. जपानी डॉक्टरांनी तो फोटोसकट सिद्ध केला. गाठ होती. ऑपरेशनमध्ये निघाली तेवढी काढली, उरलेल्या भागावर रेडिएशन दिलं आणि त्यानंतरच्या पहिल्याच एमआरआयमध्ये ती जागा आधीपेक्षा मोठी दिसली. डॉक्टर म्हणाले, रेडिएशनची सूज असेल किंवा गाठ वाढत असेल, आज सांगता येत नाही, दोन महिन्यांनी पुन्हा बघू. परत येताना आमचं स्टेशन आलं आणि गेलं, तरी आम्ही दोघं गाडीत बसूनच होतो.

सीडी घेऊन तडक वर गेलो. काकांनी दोन्ही एमआरआय शेजारी लावले, अर्धा तास बघितले आणि म्हणाले, "मी तुझा डॉक्टर नाही. आणि पुढचा फोटो आल्याशिवाय हे कुणालाच सांगता येणार नाही."

बायकोचा तोल गेला. आयुष्यात एकदा तरी माणसासारखं बोला काका, असं ती म्हणाली आणि रडायला लागली. काकांनी राग मानला नाही. उठून तड्याच्या फोटोंची फाइल आणली आणि मधला एक काढला. त्यात तडा बोटभर रुंद होता. मला तो महिना आठवला, कारण त्या महिन्यात बिल्डिंगमधली दोन कुटुंबं घाबरून पलीकडच्या फुनाबोरी भागात घरं बघून आली होती.

"दुरुस्तीवाल्यांनी भरायच्या आधी तो कोरून रुंद केला होता," काका म्हणाले. "पुढच्या फोटोत भरलेला दिसला, तेव्हा लोकांना पटलं. तुझ्या डोक्यात तेच चाललंय असं मी म्हणत नाही. नुसतं मोठं दिसलं म्हणून घर सोडू नकोस, एवढंच म्हणतो."

मग ते दोन महिने दर रविवारी नऊ वाजता काका कॅमेरा घेऊन आमच्या दारात हजर. दारातही निळी पट्टी लागली. हातात दहा येनचं नाणं धरायला लावून ते माझा फोटो काढायचे आणि गेलेले केस कुठवर उगवले त्याची नोंद करून निघून जायचे. बाकी दिवस मी एमआरआयची वाट बघायचो, पण रविवारची वाट बघणं सोपं होतं.

नव्या एमआरआयमध्ये डाग आटला होता. डॉक्टरांनी सूजच होती असं सांगितलं, तरी काकांनी सांगेपर्यंत माझा विश्वास बसेना. त्यांनी तिन्ही शेजारी लावले, मोजले, पुन्हा मोजले, मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

"लहान झालंय," ते म्हणाले. मग बायकोने पुढे केलेलं श्रीखंड खाल्लं आणि कुणीही न विचारता म्हणाले, "छान झालंय." बायकोला हसावं की रडावं कळेना.

पुढे काका निवृत्त होऊन पुण्याला गेले. माझा दर वर्षीचा एमआरआय नीट आला, की मी दारातल्या पट्टीवर उभा राहून नाण्यासकट फोटो पाठवतो आणि डावा पाय पट्टीबाहेर आहे, असं त्यांचं उत्तर येतं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचा फोटो पाठवला. बाल्कनीत उभे, हातात दहा येनचं नाणं. खूप वाळलेले वाटले. तब्येत बरी आहे ना त्यांची, बायकोने विचारलं. शेजारी ठेवायला मी त्यांचा जुना फोटो शोधू लागलो. तुळस सापडली, तडा सापडला, माझं डोकं सगळ्या अवस्थांत सापडलं. काकांचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात असायचा आणि इतक्या वर्षांत आम्हा कुणालाही त्यांना पट्टीवर उभं करावंसं वाटलं नव्हतं, याची मला फार लाज वाटली.

मी त्यांना लिहिलं, "काका, येत्या रविवारी नऊ वाजता, तिथेच उभे राहून अजून एक पाठवा."

आज रविवार. सकाळपासून फोन हातात धरून आम्ही दोघं बसलो आहोत.