अर्नेस्टीनचं राहिलेलं वाक्य

अर्नेस्टीन प्रूइटला तू ओळखत होतास का, असं होझियाला विचारलं तर तो टोपी हातात फिरवत राहील आणि शेवटी म्हणेल, तसं फारसं नाही. दोन वर्षं ती रोज त्याच्या गाडीत बसली, पण तिला काय आवडायचं हेसुद्धा त्याला धड सांगता येणार नाही. चर्चमध्ये ती बायकांच्या मागे उभी राहून खालच्या पट्टीत गायची, आणि त्याच्या गाडीचं लोंबकळणारं दार तिला एकटीलाच नीट लावता यायचं, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

होझिया लाकडाच्या गिरणीत रात्रपाळीला जायचा. १९६६ साली आमच्या अलाबामातल्या गावात, काळ्या मुलांनाही गोऱ्यांची शाळा निवडता येईल, असं कोर्टाच्या धाकाने जाहीर झालं. वस्तीतून पुढे आली ती एक अर्नेस्टीनची आई. शाळेची बस आमच्या रस्त्यावर थांबेना. रेव्हरंड टॅलींनी रविवारी विचारलं, "पोरीला नेणार कोण?" आणि सगळ्या माना होझियाकडे वळल्या. सकाळी रिकामा असणारा गाडीवाला तो एकटाच.

शाळेतून येताना ती पाय घट्ट जुळवून, मुठी आवळून बसायची. "जरा लवकर, ब्रदर होझिया," एवढंच म्हणायची. थोड्या दिवसांनी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. वाटेत त्याच्या बहिणीचं, मेबलचं घर होतं. तिथे गाडी थांबवून तो म्हणाला, "मेबलला जरा सांगून ये, मी आलोय म्हणून." दुसऱ्या दिवशीही तेच. मग मेबल संडासाकडचं मागचं दार उघडंच ठेवू लागली.

एकदा अर्नेस्टीन आपणहून बोलली. "संडासात गेलं की वर्गातल्या पोरी बाहेरून दार धरून ठेवतात. तास सुरू होईस्तोवर."

"आणि बाई?"

"बाई विचारतात, उशीर का झाला."

म्हणून सकाळपासून ती पाणीच प्यायची नाही.

वसंतात पुढच्या वर्षासाठी पुन्हा शाळा निवडायची होती. अर्नेस्टीनला परत आपल्या शाळेत यायचं होतं, मैत्रिणींत, तिथल्या गाण्याच्या चमूत. आई म्हणाली, "तुझे कपडे शिवले चर्चच्या बायकांनी. तुझ्यासाठी गुडघे टेकले त्यांनी. परत यायचं असेल तर त्यांना सांग, मला नको."

त्या रविवारी रेव्हरंडनी नेहमीसारखं तिला उभं केलं. "काय म्हणते शाळा, लेकी?"

इतर वेळी ती "बरी आहे" म्हणून बसायची. आज ती पुढचा बाक धरून उभी राहिली. "तिथे माझ्याशी कुणी बोलत नाही," ती म्हणाली.

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी थकलेय."

"थकलीय, पण उभी आहे! बोल, पोरी!"

"मला आता—"

पियानोवाल्या बाईंनी पट्ट्यांवर हात टाकला. कोपऱ्यातून सूर उठला, सगळं चर्च उभं राहिलं, बायका डोळे पुसत तिला कवटाळू लागल्या. सिस्टर विला मोठ्याने म्हणाली, "पुढच्या साली माझी क्लॉडीनपण जाणार! आपली अर्नेस्टीन आहे ना तिथे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. होझिया शेवटच्या बाकावरून पाहत होता. एवढ्या माणसांच्या मिठीत अर्नेस्टीनचे ओठ हलत होते, पण तिचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

सोमवारी गाडीत होझिया म्हणाला, "तुझं काल काहीतरी राहिलं."

"हं."

"मी सांगू का रेव्हरंडना?"

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही उभे राहिलात ना, तर तुम्हालाही आमेन म्हणतील."

त्याला हसू आलं, मग तिलाही. शाळा दिसली तसं तिचं हसू गेलं. रेव्हरंडशी तो बोलला नाही. तिचं नाव पुन्हा गोऱ्यांच्याच शाळेत गेलं.

सप्टेंबरात क्लॉडीन मागच्या सीटवर बसली, नवा फ्रॉक, गुडघ्यांवर डबा. अर्नेस्टीनने बाटली मागे केली. "पाणी पी."

"आईने सांगितलंय, पिऊ नकोस म्हणून."

"मी सांगते ना, पी. मी दाराशी उभी राहीन. कोण हात लावतं बघू."

"आणि तू जाशील तेव्हा?"

"तेव्हा तू उभी राहा."

क्लॉडीन एवढीशी, काडीसारखी. होझियाने आरशात तिच्याकडे पाहिलं आणि गाडी चालू केली. ते वर्षभर मेबलकडे थांबायची गरज फारशी पडली नाही. तरी सवयीने तिथे आल्यावर त्याचा पाय ब्रेकवर जायचा.

शेवटची इयत्ता संपली आणि त्याच आठवड्यात अर्नेस्टीन क्लीव्हलंडला मावशीकडे निघाली. बसच्या थांब्यापर्यंत होझियाच घेऊन गेला. वाटेत ती गोऱ्यांच्या शाळेकडे न बघता उजव्या खिडकीतून बाहेर पाहत होती. थांब्यावर त्याने गाडी बाजूला घेतली. त्याने बॅग काढून दिली. ती उतरली.

"दार—" तो म्हणाला.

"उचलून लावायचं. माहितेय मला."