अडवणारीचे दहा पॉइंट

चौदा वर्षं मी बास्केटबॉल खेळायचा पगार घेतला, आणि त्या चौदा वर्षांत माझ्या हातून ज्या बास्केट झाल्या त्यातल्या निम्म्या चुकून झाल्या असतील. माझं काम वेगळं होतं. समोरच्या संघात जी सगळ्यात भारी पोरगी असेल तिच्या मागं लागायचं आणि मॅच संपेपर्यंत तिच्या नाकी नऊ आणायचे. ती पाणी प्यायला बाजूला गेली तरी मी तिच्याकडं बघत उभी असायचे. लोक याला बचाव म्हणतात. समोरच्या पोरी काय म्हणायच्या ते इथं लिहिता येत नाही.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत आम्ही सगळे. माग आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा. चालू मागाला धक्का न लावता तिथून दिवसातून पन्नास वेळा आडवं सरकत जायचं, तेही हातात पाण्याची कळशी घेऊन. शाळेतल्या खेळाच्या सरांनी माझं हे खेकड्यासारखं सरकणं बघितलं आणि मला संघात घेतलं. बाकीच्या पोरी बॉल टाकायला शिकल्या, मी अडवायला शिकले. त्या जोरावर खेळाडू कोट्यातून सरकारी खात्यात नोकरी लागली. नाव क्लार्कचं, काम खेळायचं. मधे एका वर्षी बड्या लोकांनी लीग काढली, त्यातही एक मोसम खेळले. लीग बुडाली, तिथले बूट मात्र मी पुढं चार वर्षं वापरले.

या खेळात एक गोची आहे. मॅचच्या टेबलावर एक कागद असतो. कुणी किती पॉइंट केले ते त्यावर लिहितात आणि कुणी किती फाउल केले ते लिहितात. कुणी कुणाला अडवलं, ते लिहायला त्या कागदावर जागाच नाही. म्हणजे कागदावर बघाल तर मी चौदा वर्षं नुसती लोकांच्या अंगावर जात होते.

आईचं मतही साधारण तेच. ती दारात बसून बिड्या वळायची आणि मी मॅचहून आले की हात न थांबवता तेलुगूत विचारायची, किती टाकलेस? मी म्हणायचे, दोन. कधी म्हणायचे, एकही नाही. ती मान हलवून पुढचं पान उचलायची. मी इतकी वाईट खेळते आणि तरी सरकार मला पगार देतं, याचं तिला खरोखर वाईट वाटायचं. एकदा शेजारच्या खालांना ती हिंदीत सांगत होती, पोरगी बिचारी धावते लई, पण देवानं हातात काही दिलं नाही. मी आत जेवत होते. घास तसाच हातात राहिला.

एक माणूस मला ओळखून होतं, ते म्हणजे मंगळवेढ्याची एक पोरगी. दुसऱ्या खात्याकडून खेळायची, शेतकऱ्याच्या घरची, माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि वीतभर उंच. बाकी सगळ्यांना ती तीस-तीस पॉइंट हाणायची. माझ्यासमोर सहा वर्षांत दहाच्या वर गेली नव्हती. उजवीकडं निघायच्या आधी तिचा डावा खांदा किंचित खाली जातो, हे तिच्या आईलाही माहीत नसेल, मला माहीत होतं. मॅच संपली की ती माझ्याशेजारी येऊन बसायची, माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायची आणि मला अक्का म्हणून मनसोक्त शिव्या द्यायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग खात्यात नवे क्रीडा अधिकारी आले. ते कॅरमच्या कोट्यातून आलेले. कॅरममध्ये सोंगटी भोकात गेली तरच काहीतरी झालं, त्यामुळं त्यांचा जगाकडं बघायचा हिशोब सरळ होता. त्यांनी सगळ्यांचे कागद मागवले, माझ्या नावापुढचे आकडे बघितले आणि मला बोलावून गोड आवाजात सांगितलं की पुढची मॅच सोलापुरातच आहे, त्यात दहा पॉइंट करून दाखवा. नाहीतर संघातून नाव कमी होईल आणि टेंभुर्णीच्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसायचं. मी म्हटलं, साहेब, मी अडवते. ते म्हणाले, हो का, पण ते कुठं दिसत नाही.

मी बत्तीस वर्षांची. गुडघा सकाळी उठताना कुरकुरतो. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायची हौसही नाही. संघातून नाव गेलं की माझं खेळणं संपलं, कायमचं. डोक्यात अशी तिडीक गेली की घरी येऊन पातेली आपटली आणि आईला सगळं सांगून टाकलं. ही माझी चूक. आई बिड्या द्यायला कारखान्यावर गेली आणि दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं, की पोरीला दहा टाकायचेत, नाहीतर तिला टेंभुर्णीला पाठवणार.

मॅचच्या दिवशी तीन टमटम भरून गल्ली आली. आई आली, खाला आल्या, मागावरची माणसं आली. चौदा वर्षांत एकजण फिरकला नव्हता. आमच्या गल्लीला खेळ माहीत तो कुस्तीचा, म्हणून हलगीवालाही आणला. मैदानाच्या कडेला हलगी वाजायला लागली तसा पंच दचकला.

समोर मंगळवेढ्याची. तिनं मला बघून डोळा मारला आणि तिचा डावा खांदा खाली गेला. मी तिच्या मागं दोन पावलं गेले आणि थांबले. मला दहा पॉइंट करायचे होते. तिच्या मागं पळाले असते तर पुढं बॉल घ्यायला दम राहिला नसता. ती मोकळी गेली आणि टाकून आली. मग परत गेली. मी समोरच्या बास्केटखाली उभी राहून बॉलची वाट बघत होते, भंडाऱ्यात पंगतीत बसल्यासारखी. आमच्या पोरीही गुणाच्या, सगळ्यांनी ठरवून बॉल मलाच दिला. माझा नेम म्हणजे काय सांगावं, पाचातले चार बाहेर. पण शंभर दगड मारले की एखादी कैरी पडतेच. दोन झाले, चार झाले. गल्ली मोठ्यानं मोजत होती. फक्त माझे मोजत होती. ती पोरगी तिकडं किती टाकते याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

मॅच संपायला तीन मिनिटं राहिली असताना माझा दहावा पॉइंट झाला.

कुस्तीत पाठ टेकली की विषय संपला. लोक आत शिरतात, पैलवानाला खांद्यावर घेतात. आमच्या गल्लीनं तेच केलं. दहा झाले म्हणजे जिंकली, असं समजून सगळे मैदानात घुसले. हलगी कडाडली, कुणीतरी गुलाल उधळला, मागावरच्या एका काकांनी माझ्या घामेजलेल्या डोक्याला फेटा गुंडाळला आणि दोघांनी मला उचललं. पंच शिट्टी फुंकून लालबुंद. मी वरून ओरडत होते, अहो, मॅच चालू आहे की, खाली सोडा. कोण ऐकतंय. खाली आई उभी होती. चेहरा गुलालानं माखलेला, डोळ्यांतून पाणी. मला बघून तिनं दोन्ही हातांची दहा बोटं वर केली.

लोकांना बाहेर काढायला आणि गुलाल झाडायला पाव तास गेला. राहिलेल्या तीन मिनिटांत आम्ही उरलीसुरली मॅचही घालवली. मंगळवेढ्याच्या पोरीचे एकतीस झाले. आमच्या कॅप्टननं बूट काढून भिंतीवर भिरकावला. माझ्यावर भिरकावला असता तर बरं झालं असतं.

अधिकारी मात्र खूश. त्यांनी माझा हात हातात घेतला, सगळ्यांसमोर म्हणाले की माणसानं मनावर घेतलं तर काय होत नाही. नाव कायम राहिलं. गल्लीनं पेढे वाटले. आई येणाऱ्याजाणाऱ्याला पोरीचे दहा मराठीतून सांगत होती, जी ती एरवी बाजारात भाजी घेतानाच बोलते.

मी फेटा सोडून पायरीवर बसले होते. मंगळवेढ्याची आली, शेजारी बसली. पाण्याच्या बाटलीला तिनं हात लावला नाही. शिव्या नाहीत, हसणं नाही. मग हळूच म्हणाली, "अक्का, तुमाला बरं न्हाय का आज?"

मला तिला खरं सांगता आलं असतं. टेंभुर्णी सांगता आली असती, साहेब सांगता आले असते. तिला कळलं असतं. पण मला तिच्यापुढं इतकी लाज वाटली की जीभ उचलेना.

"जरा ताप होता," मी म्हटलं.

तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. कपाळ गार होतं. आपल्या पिशवीत हात घालून तिनं तापाची गोळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी ती तिच्यासमोर पाण्याबरोबर गिळली.