होयबाची सही

त्या प्लंबरला सगळे होयबा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो हसून ‘हो’ म्हणे. आता अशा माणसाचं करायचं काय? पन्नाशी उलटली, पण त्याने कुणाला नाही म्हटल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. एकाच सकाळी चार घरांना ‘आत्ता येतो’ सांगायचा आणि पाचव्याच घरी पाना घेऊन बसलेला सापडायचा. घरच्या मोरीतला नळ मात्र वर्षभर गळत होता. भीड भिकेची बहीण, असं बायको उठता-बसता ऐकवायची. त्यालाही तो हो म्हणायचा.

थोरली बहीण अगदी उलटी. जन्मभर नर्स म्हणून राबलेली, एक घाव दोन तुकडे. नळाला गढूळ पाणी येतं म्हणून तिने तीन वर्षं अर्ज केले, मग वैतागून दहा-बारा जणांचा पक्ष काढला आणि नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली. पण उभं राहणं म्हणजे काय गंमत आहे? मोठ्या पक्षांची नावं मतपत्रिकेवर आपोआप येतात. बारक्या पक्षांनी आणि अपक्षांनी वॉर्डातल्या शंभर मतदारांच्या सह्या आणायच्या. एक कमी पडली की अर्ज बाद. ताईने वहीत पहिली ओळ भावासाठी राखून ठेवली होती. त्याने सही केली तेव्हा तिने ती वही शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवली होती.

शेवटच्या दिवशी दुपारी दोघं निवडणूक कचेरीत उभी होती. मुदत तीनची. कारकुनाने एकशेचार सह्या मतदारयादीशी ताडून पाहिल्या, चार वॉर्डाबाहेरच्या निघाल्या, त्या खोडल्या. बरोब्बर शंभर उरल्या. ताईने कधी नव्हे तो सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात कारकून सहज म्हणाला की एका मतदाराने एकाच उमेदवाराला सही द्यायची असते; दोघांना दिली तर ज्याचा अर्ज आधी आला त्याची धरतात, दुसरी बाद. उद्या सकाळी सगळ्या याद्या एकमेकींशी ताडून बघणार होते. ठेकेदाराचा अर्ज आजच सकाळी आला होता.

प्लंबरच्या तोंडचं पाणी पळालं.

हा ठेकेदार म्हणजे वॉर्डातले पाइप टाकणारा, तोच अपक्ष उभा होता. बारा दिवसांपूर्वी त्याच्याकडे नळ बसवताना त्याने कागद पुढे केला होता, करून टाक रे एक सही. आणि या गृहस्थाने ओले हात पँटला पुसून करून टाकली. सही म्हणजे काही मत नव्हे, अशी स्वतःची समजूतही घातली. आता गप्प बसलं तर आज कुणालाच कळणार नव्हतं. उद्या कळलं असतं, आणि उद्या काही करता येणार नव्हतं. तीन वर्षांचं सगळं त्याच्यापायी पाण्यात जाणार होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ताई,” तो म्हणाला, “मी ठेकेदारालाही सही दिलीये. तुझ्याआधी.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पेन उघडलं आणि पहिल्या ओळीवर आडवी रेघ मारली. मग कारकुनाकडून एक कोरा पुरवणी कागद घेतला आणि त्याच्या हातात दिला.

“सव्वादोन वाजून गेलेत. रडायचं असेल तर तीननंतर रड. एक सही आण.”

तो धावत सुटला. कचेरीमागच्या गल्लीत पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्या घरच्याने ठेकेदाराला सही देऊन टाकली होती. तिसऱ्या घरी बाई म्हणाली, हे संध्याकाळी आले की विचारते. जन्मभर लोकांनी याच्याकडे मागितलं, मागायची सवय याला कुठून असणार? वीस मिनिटं उरली तेव्हा त्याला ठेकेदाराची आई आठवली. मागच्या खोलीत राहायची, तिचा नळ तोच दुरुस्त करायचा. गेल्या खेपेस म्हातारी कुरकुरली होती, पोरगा साऱ्या वॉर्डाच्या सह्या घेत हिंडतोय, मला मेलं कुणी विचारलंसुद्धा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ठेकेदार घरी नव्हता. म्हातारीने मागचं दार उघडलं, कागद पाहिला आणि तिचा चेहरा खुलला. चष्मा फळीवर होता, तिने तो घेतलाही नाही. पेन हातात धरून तिने विचारलं,

“आमच्या पोराचाच ना हा कागद?”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. नुसतं हो म्हणायचं होतं. जन्मात दुसरं केलं काय होतं त्याने? ‘हो’ अगदी ओठांवर आला.

“नाही, मावशी,” तो म्हणाला. “माझ्या बहिणीचा आहे. तुमच्या मुलाविरुद्ध उभी आहे ती, पाण्यासाठी.”

म्हातारीने पेन खाली ठेवलं. तिने उठून चष्मा आणला, पुसला, आणि ओळीवर बोट ठेवून सगळा कागद पहिल्यापासून वाचायला घेतला. तो घड्याळाकडे बघायचं टाळत उभा राहिला. मध्येच तिने मान वर करून विचारलं, ही निवडून आली तर पाणी स्वच्छ येईल का? तो म्हणाला, ते मला सांगता येत नाही.

“बरं झालं सांगता येत नाही ते,” म्हातारी म्हणाली. “माझा पोरगा दहा वर्षं सांगतोय.” आणि तिने सावकाश, नवऱ्याच्या नावासकट पूर्ण सही केली.

तीनला दोन मिनिटं असताना अर्जावर शिक्का पडला. ताईने पिशवीतली पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.

दुसऱ्या दिवशी याद्या फलकावर लागल्या. ताईच्या शंभरांत सख्ख्या भावाचं नाव नव्हतं, ते ठेकेदाराच्या यादीत चाळिसावं होतं. ठेकेदार ताईची यादी बोट फिरवत वाचत गेला आणि शेवटच्या नावाशी थांबला. वळून त्याने प्लंबरचा दंड धरला.

“माझ्या आईला फसवून सही घेतलीस ना रे, होयबा?”

“नाही,” प्लंबर म्हणाला.

ठेकेदार उत्तराची वाट बघत राहिला. उत्तर मिळालंय हे त्याच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला.