आखूड कापलेले बाण

खेळाच्या सामानाच्या त्या अवाढव्य दुकानात त्याला सगळे नेमबाज म्हणत, कारण उभ्या आयुष्यात त्याने एकही बाण सोडलेला नव्हता. तो मुळात बुटांच्या विभागातला. गिऱ्हाईक दारातून आत येताना नुसती चाल बघून पायाचे माप सांगायचा. पण धनुष्यबाणांच्या काउंटरवरचा माणूस नोकरी सोडून गेला, आणि मॅनेजरने याला मागच्या खोलीत बसवून दोन व्हिडिओ दाखवले. त्यातला एक मध्येच अडकला. तरी छातीवर ‘तज्ज्ञ’ अशी पट्टी लागली ती लागलीच.

मागे भिंत, पुढे काच, डाव्या हाताला गिऱ्हाईकाच्या मापाने बाण कापायची छोटी करवत. वरचे पांढरे दिवे असे, की बाहेर ऊन आहे की अंधार पडलाय ते कळू नये. गिऱ्हाईक काहीबाही विचारी, हा गंभीरपणे मान हलवी. मान हलवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

एकदा दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. नवा छंद, नवी हौस. दोन मांडण्यांच्या मध्ये उभ्या राहून त्यांनी लाजत लाजत धनुष्य ओढले. धनुष्याचा दांडा ओलांडून बाण जिथे पुढे निघत होता, अगदी तिथेच नेमबाजाने खूण केली आणि सगळे बाण तेवढे कापून दिले. सूतभरही जास्त नाही. बाई खूश, तोही खूश.

दुसऱ्या दिवशी एक दांडगा गडी आला. आधी त्याने धनुष्य बेताने ओढले, नेमबाजाने तेवढाच बाण कापून दिला; मग भीड चेपली तसे गड्याने खांदे उघडून ओढले. बाणाचे टोक सरकत सरकत मागे आले, बाण टेकवायच्या टेकणीवरून निसटले आणि त्याच्याच मुठीवर पडले. गडी हसला. नेमबाजाने झटकन धनुष्य काढून घेतले. दोरी सुटली असती तर बाण तळहातातून आरपार! आणि बाईंची भीड आज ना उद्या चेपणारच होती.

तो तडक मॅनेजरकडे गेला. “साहेब, डॉक्टरीणबाईंचा नंबर द्या. बाण आखूड कापलेत मी.”

“त्यांनी तक्रार केलीय?”

“अजून नाही.”

“मग आपण होऊन डंका पिटायचा? आमच्या तज्ज्ञाला काही येत नाही म्हणून?”

“मला परत बुटांकडे पाठवा ना.”

“बुटांना ढीगभर माणसं आहेत. इथे तुझ्याशिवाय आहे कोण?”

घरी बायको म्हणाली, “अहो, ताटात काय बघताय? बाईंचा दवाखाना असेलच की कुठेतरी. शोधा.”

सुट्टीच्या दिवशी तो दवाखाने पालथे घालत फिरला. एका ठिकाणी दारातल्या मुलीने विचारले, “कुठला दात?”

“दात नाही, बाण,” तो म्हणाला, आणि बाकावरचे रुग्ण दुखरे गाल धरून हसले.

बाई आतच होत्या. त्याने सगळे सांगून टाकले, मला हे काम येत नाही, हेसुद्धा. बाईंनी धनुष्य धरायचा आपला डावा हात उलटसुलट करून पाहिला. आता या तक्रार करणार, पट्टी जाणार, असे वाटून त्याने कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

बाई दुकानात आल्या खऱ्या, पण मॅनेजरला म्हणाल्या, “असा प्रामाणिक माणूस शोधून सापडायचा नाही!” मॅनेजर फुलून गेला. मग बाईंच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींचे नवरे आले. सगळ्यांना नेमबाजच हवा.

“ताई, खरंच येत नाही मला,” तो पहिलीला म्हणाला.

“बघा, किती नम्र!” रांग हसली. “तुम्हाला वाटेल तेवढेच कापा, दादा,” पहिली म्हणाली.

तिने धनुष्य ओढले. त्याने या खेपेला दांड्याच्या थोडी पुढे खूण केली. एवढे पुरेल का, हे विचारायला काचेच्या आत दुसरे कोणीच नव्हते. त्याने करवत सुरू केली.