गोधडीखाली ऐकलेला उपग्रह

मे २००९, रविवार. पोलादपूर, चुलतभावाच्या मुलीचं लग्न. शेजारच्या घराच्या गच्चीवर हजर: मी, इंजिनिअरिंगला असलेली माझी लेक आणि मुंबईहून सुट्टीवर आलेला माझा भाऊ, म्हणजे तिचा मामा. बाकी सगळे खाली मांडवात.

लेकीच्या विद्यापीठातल्या मुलांनी बनवलेला छोटा उपग्रह आदल्या दिवशी आकाशात गेला होता. त्याच्या अँटेना म्हणजे लवचीक पोलादी पट्ट्या. त्या दुमडून दोऱ्याने बांधायचं काम हिचं. वर गेल्यावर दोरा जळून पट्ट्या उघडल्या, तरच तो बोलणार. विद्यापीठात अजून कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

उपग्रहाची दुपारची फेरी थेट आमच्या डोक्यावरून होती; तेव्हा लेकीने आणलेल्या छोट्या रेडिओवर त्याला ऐकायचं ठरलं. डोंगरांच्या या खोलगटात तशीच फेरी कामाची. मी आखणी चोख केली होती: आधी मुहूर्त, मग थोडा मोकळा वेळ, मग उपग्रह. चूक एकच, पत्रिकेतला मुहूर्त मी खरा धरला. नवरदेवाकडची मंडळी नाक्यावर नाचत राहिली. शेवटचं मंगलाष्टक संपलं, वर आम्ही अक्षता टाकतोय तोवर उपग्रहाची वेळ झाली आणि खाली बँड सुरू झाला.

"आई, काहीच ऐकू येत नाही गं!" लेक रेडिओ कानाला दाबून रडकुंडीला आली.

कठड्यावर गोधडी वाळत होती. ती ओढून मी दोघींच्या डोक्यावरून घेतली. वायर तेवढी बाहेर, आणि तिच्या टोकाची हातातली अँटेना मामाकडे.

"मामा, रायगडाकडून सुरू कर. हळूहळू डोक्यावर, मग कशेडीकडे."

"फिरवतोय गो! खालची सगळी माझ्याकडंच बघतायत, नवरीकडं कोण बघत नाय."

"मामा, हलू नकोस!"

"फिरव म्हणतेस, हलू नको म्हणतेस! एक काय ते ठरव."

आत नुसती भट्टी. आणि मग आला आवाज. बारीक, तुटक, शिट्टीसारखा. लेकीने माझं मनगट आवळलं.

"आपलाच! मोर्सच्या संकेतात त्याच्या नावाची अक्षरं आहेत ही. आई, पट्ट्या उघडल्या!"

ती गोधडीतच उड्या मारायला लागली. मीही मारल्या.

"बोलला काय गो?" बाहेरून मामा.

"बोलला!"

उरलेल्या अक्षता मी तिच्याच डोक्यावर टाकल्या. तोवर उपग्रह कशेडीच्या डोंगराआड गेला. बँड थांबल्यावर लेकीने विद्यापीठात फोन लावला. पलीकडचा जल्लोष मला दोन हातांवरून ऐकू आला. मग तिच्या सरांनी विचारलं, "नावामागून बॅटरीचा आकडा येतो, तो किती आला?"

तो टिपायचा राहिला होता.